नोंद पक्की, पण हवा कोण मोजणार?
ब्लॉकचेनवरची (म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या, साखळीसारख्या जोडलेल्या डिजिटल नोंदवहीतली) नोंद मागाहून बदलता येत नाही, म्हणून शेतमालातील फसवणूक थांबेल, असे म्हटले जाते; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. लातूर भागात सोयाबीनचा भाव ‘10 हवा, 2 माती’ (म्हणजे 10 टक्के ओलावा, 2 टक्के माती-कचरा) अशा अटींवर ठरतो आणि खरा वाद मूठभर दाणे यंत्रात टाकून हवा 10 निघाली की 13, यावरच होतो; तिथला चुकीचा आकडा साखळीत गेला, तर तो कायमचा पक्का होतो.

उपयोग दिसतो तो गोदामात. राज्य वखार महामंडळाने ब्लॉकचेनवर आणलेल्या गोदाम पावतीमुळे (ठेवलेल्या मालाची ही पावती तारण ठेवून कर्ज मिळते) एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज उचलणे अवघड होते, त्यामुळे बँकेला तारणाची खात्री पटते आणि शेतकऱ्याला काढणीच्या पडत्या भावात माल विकण्याऐवजी थांबता येते (व्याज आणि गोदामभाडे अर्थातच हिशेबात धरून).