प्रतिसाद: जुनी एस्टीम आणि ऑटोक्रॉस

मारुतीची जुनी एस्टीम घेतलीत, झकास! पण ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या जागेत कोन म्हणजे शंकू मांडून, त्यांच्यामधून एकेकाने घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची स्पर्धा) पहिला खर्च एग्झॉस्टवर, म्हणजे धुराच्या नळीवर, करू का म्हणताय, तिथे मात्र थांबा. १२९८ सीसीचं ते इंजिन मुळातच उत्साही आहे आणि गाडी अंगाने हलकी. नुसता आवाज वाढवून वेळ कमी होत नाही, शेजारी तेवढे जागे होतात.

आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरलेलं 155 लाही उकळू शकतं. माझ्या पहिल्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीला ऑइल उकळून ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं होतं. कोन उडाले, नशीब माणूस नव्हता! ब्रेक पॅड, बुशिंग (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) आणि बरे टायर त्यानंतर. मग पैसे उरले तर बकेट सीट, म्हणजे अंगाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी खोलगट सीट, कारण स्टिअरिंगला लोंबकळत गाडी नीट चालवता येत नाही.

रोज ऑफिसलाही हीच गाडी नेणार असाल तर इंजिन बदलायच्या भानगडीत पडू नका. आरसी बुकातल्या नोंदींशी गाडी जुळली नाही, तर गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.

गंज पाहिलात का? मॅट उचलून बघा.