अनुभव धागा : गरोदरपणातली दारू, आई-पिल्लांचं यकृत आणि अँटिऑक्सिडंट

या विषयावर प्रयोगशाळेत किंवा दवाखान्यात काम करणाऱ्यांनी हातचं न राखता लिहावं. आकडे आणि चुकांची कारणं हवीत.

*

गाभण मादी उंदरांना दारू देऊन अँटिऑक्सिडंटने (पेशींचं ऑक्सिडेशन रोखणाऱ्या पदार्थाने, जसं व्हिटॅमिन ई) यकृत वाचतं का हे पाहताना पहिली चूक खाण्यात होते. द्रव आहारातले सुमारे 36 टक्के उष्मांक दारूचे असतात, त्यामुळे मादी उंदीर कमी खाते. तुलनेच्या मादीला पोटभर दिलं की पिल्लं दारूमुळे हलकी भरली की उपासमारीमुळे, ते कळत नाही. दारूवालीने काल जेवढं संपवलं तेवढंच आज जोडीच्या मादीला द्या, दारूऐवजी तेवढ्याच उष्मांकांचं माल्टोडेक्स्ट्रिन (पिठूळ साखर-पदार्थ) घालून. व्हिटॅमिन ई तेलातून देत असाल तर नुसत्या तेलाचा गट हवाच.

*

यकृत थंड सलाईनने रक्त जाईपर्यंत धुवा. तांबड्या पेशींत कॅटालेज (आपण मोजतो ते एक अँटिऑक्सिडंट एन्झाइम) भरपूर असतं, रक्त राहिलं की आकडा फुगतो. एमडीए (चरबी ऑक्सिडाइज झाल्याची खूण, रंगावरून मोजतात) 532 नॅनोमीटरला मोजताना बीएचटी (ऑक्सिडेशन थांबवणारं रसायन) आधीच घाला, नाहीतर उकळताना चरबी नव्याने ऑक्सिडाइज होते. सुक्रोजचं बफर नको, साखरसुद्धा रंग देते. 1.15 टक्के पोटॅशियम क्लोराइड बरं. ग्लुटाथायोनला (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) तर थांबायला वेळच नसतो : तुकडा काढल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये.

*

एका मादीची दहा पिल्लं म्हणजे दहा नमुने नव्हेत, एकच. हे विसरल्यामुळे नसलेलं संरक्षण दिसतं. नुकसान गर्भातलं की दुधातून आलेलं, हे पाहायचं तर जन्मताच पिल्लांची आयांमध्ये अदलाबदल करा.

*

एन-असिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट औषध सिस्टीन (ग्लुटाथायोनचा कच्चा माल) पुरवतं, म्हणून ग्लुटाथायोन पुन्हा भरतं. पण सीवायपी2ई1 हे यकृतातलं एन्झाइम दारू जाळत राहतं तोवर ग्लुटाथायोनची गळती चालूच असते. शिवाय दारूपासून बनणारं असिटाल्डिहाइड प्रथिनांना चिकटतं, त्यावर व्हिटॅमिन ईचा इलाज नाही.

*

वरचं सगळं उंदरांपुरतं. गरोदर बाईला यावरून गोळ्या सुचवू नका. 2006 च्या मोठ्या चाचणीत प्रीएक्लॅम्पसियाचा (गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाच्या आजाराचा) धोका असलेल्या गरोदर स्त्रियांना रोज 1000 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि 400 युनिट ई दिलं. प्रीएक्लॅम्पसिया टळला नाहीच, उलट कमी वजनाची बाळं जास्त झाली. गरोदरपणात दारूची सुरक्षित मात्रा ठाऊक नाही, तेव्हा उपाय दारू थांबवणं हाच. मात्र रोज भरपूर पिणारीला घरीच एकदम बंद करायला लावू नका, झटके येऊ शकतात. दाखल करून घ्या आणि थायमिन (व्हिटॅमिन बी1) ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत द्या.