सड्यावरचा तेरडा वीतभर, घाटातला कमरेएवढा: हा फरक रक्तातला की जागेचा?

सातारकर_वनस्पती: बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या चार मुलांना प्रकल्प द्यायचा आहे. यवतेश्वर घाटाच्या उतारावर तेरडा कमरेपर्यंत वाढतो आणि वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, तोच वीतभर उंचीत फुलून मोकळा होतो. मुलांनी निष्कर्ष आधीच काढून टाकलाय: "उंचीमुळे झालेलं अनुकूलन". हे इतकं सरळ म्हणता येतं का? नसेल, तर महाविद्यालयाच्या आवारात, फारसा खर्च न करता तपासायचं कसं? हातात जूनपासून फेब्रुवारीपर्यंतचा वेळ आहे. जागा आहे, कुंड्या आहेत, वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंतचा आहे.

कातळफूल: सर, सगळ्यात आधी तो "तोच" तेरडा आहे का ते बघा. उतारावर, बांधावर सापडतो तो बहुधा इम्पेशन्स बाल्समिना. त्याची पानं एकाआड एक असतात आणि फुलामागची नळी लांब, आत वळलेली असते. सड्यावर गुलाबी चादर पसरते ती बऱ्याचदा इम्पेशन्स लॉईची. गोत एक, जात वेगळी. दोन जातींची तुलना करून "एका जातीने जुळवून घेतलं" असं लिहिलं, तर प्रकल्प तिथेच संपला. दोन्ही ठिकाणच्या फुलांचे समोरून आणि बाजूने फोटो काढा, फूल उभं चिरून बघा, मगच पुढे जा. दोन्हीकडे बाल्समिना मिळत नसेल, तर एकाच उतारावरच्या खोल मातीतला आणि कातळाच्या कडेचा बाल्समिना घ्या. प्रश्न तोच राहतो.

दुसरं, "उंची" हा शब्द खोडाच. सातारा शहर साधारण ७०० मीटरवर, कास पठार १२०० च्या आसपास. दर १०० मीटरला सुमारे ०.६ अंश धरले, तर फरक पडतो तीन अंशांचा. वनस्पतीला मोडतं ते हे नाही. सड्यावर जांभा कातळ आणि त्यावर कुठे चार बोटं माती, कुठे तेवढीही नाही. पावसात ती माती तुडुंब आणि नोव्हेंबरात खडखडीत. शिवाय जांभ्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम फॉस्फरस धरून ठेवतात, मुळांना सोडत नाहीत. नत्रही तुटपुंजंच. म्हणून तर दवबिंदू ही वनस्पती चिकट पानांवर किडे धरते आणि सीतेची आसवं ही वनस्पती ओल्या मातीखालच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते.

एकाच सड्यावर पाच पावलांत जागा बदलते, तशी वनस्पतीही. डबक्यात वायतुरा: पाणी आटलं की पानं जातात, कंद राहतो. भेगेत मोरशिखा: उन्हाळ्यात कुरकुरीत वाळते आणि पहिल्या पावसात परत हिरवी होते. पश्चिम घाटातल्या अशा वाळून पुन्हा जगणाऱ्या ६२ जातींची नोंद पुण्याच्या आघारकर संस्थेच्या संशोधकांनी केली आहे. आणि युफोर्बिया पंचगणिएन्सिस तर पावसाची वाटच बघत नाही, कोरड्या दिवसांत पानांशिवाय फुलते. मुलांना उंचीमापक देण्याऐवजी एक लोखंडी सळई द्या आणि प्रत्येक रोपाशेजारी ती किती सेंटिमीटर आत जाते ते लिहायला सांगा.

बीजनोंद: वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आता तपासायचं कसं ते सांगतो.

जुनं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. क्लॉसेन, केक आणि हीसी यांनी एकेका झाडाचे तुकडे करून ते सुमारे ३०, १४०० आणि ३०५० मीटरवरच्या तीन बागांत लावले. त्यांचं काम १९४० साली छापून आलं. माणसांनी जागा बदलली, वाण तोच ठेवला. तेरडा वर्षायू, त्यामुळे आपल्याला बियांवरच काम करावं लागेल.

कास राखीव क्षेत्र आहे. तिथून वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय बी, पान, माती काहीही उचलायचं नाही. खाजगी सड्यावर मालकाला विचारून घ्या. प्रत्येक ठिकाणी एकमेकांपासून किमान पाच मीटर लांबची दहा मातृरोपं निवडा आणि प्रत्येकीचं बी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. बोंड पिकलं की बोट लागताच फुटतं आणि बी उडून जातं, म्हणून ते हिरवं पण टचटचीत असतानाच त्यावर मलमलीची छोटी पिशवी बांधा.

हे बी थेट प्रयोगात वापरायचं नाही. इथेच बहुतेक प्रकल्प फसतात. खोल मातीतल्या आईचं बी भरदार आणि कातळावरच्या आईचं किरकोळ असू शकतं. मग रोपांत दिसणारा फरक आईच्या खुराकाचा असतो, वाणाचा नव्हे. आधी एक पिढी सारख्या कुंड्यांत वाढवा. तेरडा दीड-दोन महिन्यांत फुलतो. दोन्ही गट वेगवेगळ्या मच्छरदाणीखाली ठेवा, नाहीतर मधमाश्या संकर करून टाकतील. मग परागीकरण हातानेच करावं लागेल. फुलात आधी पुंकेसरांची पांढुरकी टोपी असते. ती गळून पडली की खालची हिरवी कुक्षी (पराग झेलणारा भाग) उघडी पडते. त्याच गटातल्या दुसऱ्या ताज्या फुलाची टोपी तिच्यावर घासा आणि देठाला दोरा बांधून आईचा क्रमांक लिहा.

त्यांचं बी पिकलं की लगेच दुसरी पिढी पेरा. अर्धी रोपं २५ सेंटिमीटर मातीच्या कुंड्यांत, अर्धी ४ सेंटिमीटर मातीच्या ट्रेमध्ये. लाल माती दोन भाग, चाळलेला मुरूम एक भाग. शेणखत अजिबात नको, त्याने फरक पुसला जातो. दोन गट, प्रत्येकी दहा आया, मातीची खोली दोन प्रकारची, प्रत्येकी दोन रोपं: एकूण ८०. प्रत्येक ठिकाणी तीन बिया टाका आणि उगवल्यावर एक रोप ठेवा, पण ते चिठ्ठी टाकून. मुलं हमखास सर्वांत तरारलेलं रोप ठेवतात आणि निकाल तिथेच वाकतो. जागाही चिठ्ठीने ठरवा, दर आठवड्याला बदला. पाणी सगळ्यांना मापून सारखंच. भोकं मोकळी ठेवा, तेरड्याचं खोड रसरशीत असतं, पाणी साचलं की बुडातून कुजतं.

सातारकर_वनस्पती: फार उपयोगी. नोंदी कोणत्या घ्यायच्या? आणि शेवटी अदलाबदल करून सड्यावरही लावून बघावं का?

बीजनोंद: सड्यावर बाहेरचं बी नेऊ नका. पुढच्या पावसात ते तिथल्या रोपांशी मिसळेल आणि परत काढता येणार नाही. ४ सेंटिमीटरचा ट्रे हाच तुमचा सडा.

नोंदी: उगवण्याचा दिवस, ३० आणि ६० दिवसांची उंची, पहिल्या फुलाचा दिवस, बोंडांची संख्या, दर रोपाचं एकूण बी, शंभर बियांचं वजन. शेवटी मुळं धुऊन ७० अंशांवर ४८ तास वाळवून वजन.

कातळफूल: आलेख काढताना आडव्या अक्षावर मातीची खोली, उभ्यावर दर रोपामागे एकूण बी. प्रत्येक गटाची एक रेघ. दोन्ही रेघा एकमेकींवर बसून उथळ मातीकडे खाली उतरल्या, तर ती नुसती लवचीकता: वाण एक, जागेप्रमाणे शरीर बदललं. रेघा समांतर पण वेगळ्या असतील, तर फरक आनुवंशिक आहे, पण जागेशी जुळलेला आहे हे सिद्ध होत नाही. रेघांनी एकमेकींना छेद दिला आणि उथळ ट्रेमध्ये सड्याचा गट जास्त बी देऊन गेला, तरच अनुकूलन म्हणा. बुटकेपणा हा पुरावा नव्हे. उपाशी रोपही बुटकंच राहतं.

हिशेबात आकडे ८० नाही धरायचे. आधी एका आईच्या, मातीच्या एकाच खोलीवरच्या दोन रोपांची सरासरी काढा, मग तुलना करा. मेलेली रोपं वगळू नका, त्यांचं बी शून्य धरा. उथळ ट्रेमध्ये कोणता गट आधी मरतो, तोही निकालच आहे.