प्रश्न: पेट परेडमध्ये मांजर कडेवर घ्यावं का?

पेट परेडमध्ये, म्हणजे पाळीव प्राणी घेऊन निघणाऱ्या मिरवणुकीत, मांजर कडेवर घेऊन चाललं तर? नकोच. ढोल वाजला की ते नखं रोवून खांद्यावरून उडी मारतं आणि गर्दीत दिसेनासं होतं. दाराला कडी असलेला पिंजरा मुलांच्या ओढगाडीवर दोन ठिकाणी बांधा, वरून अर्धी चादर टाका.

अमेरिकेत इलिनॉयच्या ला ग्रेंजमध्ये अशी परेड १९४७मध्ये सुरू झाली. ओरेगनच्या बेंडमध्ये अशीच परेड ४ जुलैला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. खरा त्रास डांबराचा. हवा ३० अंश असली तरी उन्हातलं डांबर ५०च्या पुढे जातं, कुत्र्याचे तळवे भाजतात. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर कुत्र्याला घरीच ठेवा. बेंडला कापडी अस्वल घेऊनही मुलं चालतात!