मदत हवी आहे: पीजीला ऑर्थो की न्यूरो?

गौरी_के: फिजिओथेरपीच्या पीजीला ऑर्थो (हाडं-सांधे) घेऊ की न्यूरो (मेंदू-मज्जातंतू)? उद्या पसंतीक्रम भरायचाय. 'सगळेच विषय चांगले' असं कृपया सांगू नका.

समीर: दोनच का? कार्डिओरेस्पिरेटरी (हृदय-फुप्फुसं), स्पोर्ट्स, पीडिॲट्रिक्स (लहान मुलं) का नको? इंटर्नशिपमध्ये मन कुठे रमलं? पुढे क्लिनिक की हॉस्पिटल?

मेधाताई: ऑर्थोच घे. मान, कंबर, गुडघे, फ्रोझन शोल्डर, पेशंटला तोटा नाही. मेटलंड, मलिगन या हाताने सांधे मोकळे करायच्या पद्धती नीट शिकलीस की हात तयार होतो.

निखिल_न्यूरो: ताई, पेशंट मिळतात म्हणून विषय घ्यायचा? पक्षाघाताचा पेशंट बाधित पायावर भार घेतो, गुडघा मागे जाऊ नये म्हणून आपला हात तिथे असतो, आणि एक दिवस तो हात काढून घेता येतो. हे न्यूरोतच मिळतं.

मेधाताई: मान्य. पण दिवसभर पेशंट पलंगावरून खुर्चीत हलवून थेरपिस्टची कंबर जाते, तेही सांग ना तिला.



समीर: गौरी, उत्तर दे.

गौरी_के: कंबरेचाच प्रश्न आहे. एल४-एल५ या कंबरेच्या मणक्यांमधली डिस्क सरकलीय, वजन उचलायचं नाही. क्लिनिक नकोच. आवडलं होतं आयसीयू, पण कार्डिओ घेऊ नकोस असं सगळे म्हणतात.

समीर: अगं, हे आधी सांगायचं! मग कार्डिओरेस्पिरेटरी वर टाक. छातीतला कफ मोकळा करणं, बायपासनंतर पेशंटला चालतं करणं, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) वाल्यांचं पल्मनरी रिहॅब, म्हणजे फुप्फुसांचं पुनर्वसन. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला बसवताना जोर लागतो, पण तिथे नर्ससकट दोघंतिघं असतात. तरी डिस्कचं तुझ्या डॉक्टरांना विचारूनच ठरव.

निखिल_न्यूरो: न्यूरोतही व्हेस्टिब्युलर (चक्कर आणि तोलाचे उपचार) आहे. बीपीपीव्हीत (डोकं हलवलं की येणारी चक्कर) कानातले कॅल्शियमचे कण अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, एप्ली नावाच्या पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते बाहेर काढायचे. त्याला ताकद लागत नाही.

मेधाताई: पीजीत फक्त चक्करवालेच पेशंट देणार आहेत का रे तुला? गौरी, ज्या कॉलेजात जाणार तिथल्या सीनियरना विचार, कार्डिॲक सर्जरी तिथेच होते का आणि गाईड स्वतः आयसीयूत येतात का. नसेल तर कार्डिओ घेऊन उपयोग नाही, तिथे तरी ऑर्थोच बरं.

गौरी_के: विचारते आत्ताच. आयसीयूच्या नाइट ड्यूट्या पीजींना किती असतात, माहितीय कुणाला?