सल्ला हवा आहे: लपवलेल्या वस्तू शोधण्यात खरी मजा येईल असे गेम कोणते?

रात्रपाळी:
नमस्कार. ज्या वस्तू शोधल्या नाहीत तरी गेम पूर्ण होतो, अशा कलेक्टिबल्सच्या हात धुवून मागे लागण्याची मला जुनी खोड आहे. ‘जीटीए सॅन अँड्रियास’मधील लास व्हेंचुरास शहरात घोड्याचे ५० नाल लपवलेले आहेत आणि ते गोळा केले की कॅसिनोत नशीब साथ देते. मी नकाशा छापून आणला होता आणि सापडलेल्या प्रत्येक नालावर पेन्सिलने खूण करत होतो. एका संध्याकाळी खूण करून झाली, पण गेम सेव्ह करण्याआधीच भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली. कागदावर ५० पूर्ण, गेममध्ये मात्र ४९, आणि राहिलेला एक कोणता ते कळायला मार्ग नाही, कारण उचललेला नाल मागे काहीच ठेवत नाही. (त्याच गेममधील लॉस सँटोस शहरातील भिंतींवर आपण रंगवलेली चित्रे निदान हिरवी दिसत राहतात, त्यामुळे ती पुन्हा तपासता तरी येतात.) दोन रविवार मोटारसायकलवरून सगळे शहर पालथे घातल्यावर तो नाल एका इमारतीच्या गच्चीवर सापडला. त्या इमारतीखालून मी रोज जात होतो.

आता मुलगी झोपल्यावर रात्री साडेदहा ते साडेअकरा एवढाच वेळ मिळतो. घरी पीएस४ आणि स्विच हे दोन गेम कन्सोल आहेत. ‘स्पायडर-मॅन’मधील ५५ पाठपिशव्या मी नुकत्याच गोळा केल्या. प्रत्येकीतून पीटरच्या आयुष्यातील काहीतरी निघते, ते आवडले. पण सगळ्या पिशव्या नकाशावर आयत्या दिसू लागल्यामुळे शोध कसला, दिलेल्या पत्त्यावरून पार्सल उचलण्याचे काम वाटले. व्हिडिओ पाहून शोधावे लागू नये, मध्येच सोडले तरी हुरहूर लागू नये आणि शोधतानाच आनंद मिळावा, असे काही असेल तर कृपया सुचवावे.

खारूताई:
तुमच्यासाठी माझ्या मनात पहिले नाव येते ते ‘हॉलो नाइट’चे. त्यात काचेच्या बरण्यांत कोंडलेल्या ४६ अळ्या आहेत आणि त्यांचा शोध डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त घ्यावा लागतो. एखाद्या खोलीत शिरल्यावर कुठूनतरी बारीक रडणे ऐकू येते, पण समोर नुसती भिंत असते. मग भिंतीवर खिळा (हेच आपले शस्त्र) आपटत बसायचे, छताकडे उडी मारून पाहायचे, कधी खालच्या खोलीतून वर येणारी वाट शोधायची. बरणी फुटली की अळी टुणकन उडी मारते आणि जमिनीत शिरून घरी निघून जाते. नंतर तिच्या बापाच्या घरी गेलात तर सुटलेल्या सगळ्या अळ्या तिथे बसलेल्या दिसतात. बक्षीस म्हणून पैसे मिळतात, अधूनमधून काही उपयोगी वस्तूही मिळतात. पण ते भरत गेलेले घर पाहण्यासाठीच मी तिथे पुन्हा पुन्हा गेले. ‘कलेक्टर’ नावाच्या शत्रूला हरवल्यावर उरलेल्या अळ्या दाखवणारा नकाशा गेममध्येच मिळतो, त्यामुळे बाहेरच्या व्हिडिओची गरज पडत नाही.

मात्र एक सावधगिरीची सूचना: प्रगती नोंदवणारी बाकडी कधी कधी लांब असतात आणि गेम अवघड आहे, त्यामुळे तुमच्या एका तासातील अर्धा तास मरण्यातच जाऊ शकतो. ते नको असल्यास ‘अ शॉर्ट हाइक’ घ्या. तो दोन-तीन रात्रींचा खेळ आहे, पण त्यातील २० सोनेरी पिसांपैकी प्रत्येक पीस मिळाले की आपला पक्षी आणखी थोडा उंच चढू शकतो. कालपर्यंत जो कडा पाहून मागे फिरलो, तो आज चढता येतो.

जुनी कॅसेट:
‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये कोरोक नावाच्या छोट्या वनजीवांकडून मिळणाऱ्या ९०० बिया आहेत, हा आकडा ऐकून अनेकजण घाबरतात आणि काहीजण ते आव्हान समजून स्वतःचे वाटोळे करून घेतात. शस्त्रे, धनुष्ये आणि ढाली ठेवण्याची सगळी जागा वाढवून घेण्यासाठी ४४१ बिया पुरतात. सगळ्या ९०० गोळा करणाऱ्याला हेस्टूकडून (बियांच्या बदल्यात जागा वाढवून देणाऱ्या पात्राकडून) जे सोनेरी बक्षीस मिळते त्याचा आकार शेणाच्या पोसारखा आहे, आणि बनवणाऱ्यांनी ही थट्टा मुद्दामच केली असावी असे माझे मत आहे. बिया एवढ्या ठेवल्या आहेत त्या सगळ्या वेचण्यासाठी नव्हेत, तर जो कुठेही भटकेल त्याच्या हाती काहीतरी लागावे म्हणून. डोंगरमाथ्यावर एकटाच पडलेला दगड उचलला की खालून कोरोक खिदळत बाहेर येतो. दगडांच्या वर्तुळात एकच जागा रिकामी असेल तर आसपास तो हरवलेला दगड हमखास असतो. आठवडाभरात नजर अशी तयार होते की प्रत्येक विचित्र झाड संशयित वाटू लागते. तुमच्यासारख्याने मोजणी न करता खेळावे.

प्लॅटिनमवाला:
वरील प्रतिसादांशी मी अंशतः असहमत आहे. गाइड पाहण्यात काही पाप नाही; कुठल्या गेमसाठी पाहायचे एवढेच ठरवावे लागते. २००७ सालच्या पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये ४२० झेंडे होते, ते नकाशावर दिसत नसत आणि ते गोळा करून कथेत तसूभरही फरक पडत नसे. तिथे गाइडविना शोधणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. २००९ सालच्या दुसऱ्या भागात पिसे फक्त १०० ठेवली आणि त्यांना कारणही दिले: ती नायक एझिओच्या मारल्या गेलेल्या धाकट्या भावाच्या, पेत्रुच्चोच्या, छंदाची आठवण आहेत आणि त्या धक्क्याने गप्प झालेल्या आईसाठी तो ती जमवतो. शंभराव्या पिसानंतर मिळणारा झगा अंगावर घातला की प्रत्येक शहरातील पहारेकरी तुमच्यावर धावून येतात, ही गोष्ट वेगळी!

पीएस४वर तुमच्या अटींत चपखल बसणारा गेम म्हणजे ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’. त्यातील प्रवाशाचा पोशाख घाला आणि हव्या त्या प्रकारच्या वस्तूसाठी वाऱ्याला दिशा विचारा. पडद्यावर बाण येत नाही; गवत ज्या बाजूला वाकते तिकडे जायचे, आणि वस्तू जवळ आली की कंट्रोलर हातात थरथरतो. एका रात्रीत दोन-तीन कोल्ह्यांच्या मागे जाऊन त्यांची देवळे पाहून झोपायला जाता येते.

सह्यभटक:
‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’चे नाव कोणीच घेतले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण त्यातील सर्वांत मोठा मोकळा भाग आपल्या पश्चिम घाटात घडतो. जीपमधून चिखल तुडवत ११ होयसळ नाणी शोधायची आणि त्याबदल्यात राणीचे माणिक मिळवायचे. ते हातात असले की पुढे जवळपास लपलेला खजिना आवाजाने कळतो. शोधाचे बक्षीस म्हणून पुढचा शोध सोपा करणारी वस्तू द्यावी, ही कल्पना मला फार पटली. कर्नाटकातील हळेबिडू आणि बेलूर ही नावे गेममध्ये आहेत, पण मंदिरे कल्पनेतली आहेत. खरी पाहिलेल्याला ती अवाढव्य वाटतील. नाणी चौथ्या प्रकरणातच शोधून घ्या, कारण कथा पुढे सरकली की तो परिसर मागे राहतो.

रात्रपाळी:
सर्वांचे मनापासून आभार. ‘त्सुशिमा’ पुढच्या पगारानंतर घेईन, आणि कोरोक बिया न मोजता वेचण्याचा प्रयत्न करीन, जमेल याची खात्री नाही. काल ‘हॉलो नाइट’ सुरू केला. पहिल्याच भागात भिंतीपलीकडून रडणे ऐकू आले. आवाज टीव्हीच्या डाव्या बाजूने येतो की उजव्या, हे कळेना म्हणून हेडफोन लावला आणि पाऊण तास भिंती ठोकल्या, तरी बरणी सापडली नाही. साडेअकराला बंद केले. ती अळी कुठे आहे हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. कृपया कोणीही इथे लिहू नये.