करार संपला तरी भाडेकरू जागा सोडत नाही, वर ओलीची तक्रार पुढे करतो, काय करावे?

धायरीचा घरमालक:
नमस्कार. निवृत्तीनंतर हाताशी चार पैसे असावेत म्हणून पुण्यात धायरीला घेतलेली वन बीएचके सदनिका मी ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरण्याचा केवळ परवाना देणाऱ्या) कराराने दिली होती. भाडे दरमहा १२,००० आणि अनामत ४०,००० रुपये. करार मार्चअखेरीस संपला, पण जूनअखेर आली तरी गृहस्थ हललेले नाहीत. तीन महिन्यांचे ३६,००० रुपये थकले असून विचारले की "अनामतीतून वळते करा" एवढेच उत्तर मिळते. न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकते, ही त्यांची तक्रार जानेवारीपासूनची आहे आणि "बघू, बघू" म्हणत मी ती लांबवली, हेही कबूल करतो. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, आठ दिवसांत निघतील, असा सल्ला सोसायटीतल्या एका पदाधिकाऱ्यांनी दिला आहे. तो मानावा का?

कागदपत्रवाले काका:
व्हॉल्व्हला हात लावू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार भाडेकरूच्या आवश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. आपला माणूस भाडेकरू नसून परवानाधारक आहे, तेव्हा हे कलम लागू नाही, असा युक्तिवाद एखादा वकील करेलही. पण पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून तो युक्तिवाद ऐकण्याची वेळ आपल्यावर का यावी?

आपली बाजू मुळात भक्कम आहे, कारण करार नोंदवलेला आहे. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असा समज अजूनही पुष्कळांचा असतो. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ती जबाबदारी मालकाची असते आणि ती टाळल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाऊ शकते. राहण्यासाठी परवान्यावर दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळावी यासाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे अर्ज ऐकण्यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर जितके दिवस जागा अडवली तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने, म्हणजे आपल्या बाबतीत दरमहा २४,००० रुपये, नुकसानभरपाई मागता येते. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर अर्जातील म्हणणे त्याला मान्य आहे असे धरून निर्णय होतो.

तोपर्यंत त्यांनी पैसे दिलेच, तर पावतीवर "भाडे" असे लिहू नका; "मुदतीनंतरच्या वापराची नुकसानभरपाई, हक्क राखून" असे लिहा.

दोन खोल्यांची मालकीण:
काकांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु अर्जाआधी एकदा समोरासमोर बसून पाहावे. माझ्याकडच्या कुटुंबाने असेच तीन महिने ओढले होते. चौकशी केली तेव्हा कळले की नव्या घराच्या अनामतीला लागणारे पैसे माझ्याकडेच अडकले होते आणि मी ते जागा रिकामी झाल्यावरच देणार होते. थकबाकी वजा करून उरलेल्या रकमेतला अर्धा भाग आधी आणि अर्धा किल्ल्या हातात आल्यावर, असे एका साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. दहाव्या दिवशी सामानाचा टेंपो दारात उभा होता. आपल्याकडे मात्र ३६,००० वजा जाता चारच हजार उरतात, म्हणून जुलै उलटण्याआधीच बोला. ताबा घेताना वीजमीटरचा फोटो काढा आणि ताबापावतीवर आकडा, तारीख व किल्ल्यांची संख्या लिहा. माझ्याकडची एक किल्ली दूधवाल्याकडे राहिली होती, ती कुलूप बदलताना आठवली.

आठ वर्षे भाड्याने:
मी दुसऱ्या बाजूचा आहे. भाडे थकवणे चूकच आहे, तरी पाच महिने डोक्यावर पाणी ठिबकत असताना "बघू" हे उत्तर ऐकणाऱ्याचा मालकावरचा विश्वास उडतो आणि मग हातातले पैसे सोडवत नाहीत. ओल कुठून येते, ते आधी तपासा. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळत असेल, तर आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) दुरुस्ती सोसायटीने करायची असते. वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून येत असेल, तर खर्च त्या सभासदाचा. दोन्ही बाबतींत पत्र मात्र आपणच द्यायला हवे, कारण सभासद आपण आहात. भाडेकरूचे पत्र कार्यालयात कोणी वाचत नाही, हे अनुभवाने सांगतो.

धायरीचा घरमालक:
सर्वांचे आभार. व्हॉल्व्हचा विचार सोडला. काल प्लंबरला घेऊन गेलो, तेव्हा वरच्या न्हाणी ट्रॅपभोवतीचे (सांडपाणी वाहून जाण्याच्या तोंडाभोवतीचे) सांधे उघडे पडलेले दिसले आणि आमच्या छताचे पोपडे बादलीभर निघाले. वरच्या सभासदांना लेखी पत्र दिले असून त्याची पोच घेतली आहे. भाडेकरूने १५ जुलैला जागा सोडण्याचे लिहून दिले आहे. जुलैच्या पंधरा दिवसांचे ६,००० अनामतीपेक्षा दोन हजारांनी वर जातात, ते मी सोडून दिले. कलम २४ च्या अर्जाची कागदपत्रे मात्र वकिलांकडे तयार ठेवायला दिली आहेत.